इंजिनवाल्या नानाची वही

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता दरोडा कोणत्या ठाण्यातला, हे विचारलं तर मला आठवावं लागतं. पण एका जुन्या लोखंडी पेटीच्या चोरीचा गुन्हा मात्र आजही क्रमाने सांगता येतो, पहिल्या फिर्यादीपासून शेवटच्या सहीपर्यंत. त्यात रक्त सांडलं नव्हतं, सोनं गेलं नव्हतं, आणि आरोपी म्हणून कुणाला अटकही झाली नाही.

तेव्हा मी चोपडा आणि शिरपूरच्या मधल्या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं म्हणजे चार खोल्या, एक कडुनिंब आणि बंद पडायची सवय लागलेली जीप. ही जीप बंद पडली की आमचे लोक तिला ढकलत एका पाड्यावर न्यायचे. तिथे एक गोरा म्हातारा राहत असे. मूळचा नॉर्वे देशाचा. तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्यात जनरेटर सांभाळायला आला, पुढे मिशन सोडलं आणि पाड्यावरच राहिला. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. अहिराणी आमच्यासारखी बोले. सगळा परिसर त्याला इंजिनवाला नाना म्हणत असे.

परदेशी माणूस असल्यामुळे दर वर्षी त्याचे कागद जळगावला परकीय नागरिक नोंदणी शाखेकडे जात. शाखेतल्या बाबूंना त्याचं आडनाव कधीच नीट लिहिता आलं नाही, आणि नानाने कधी तक्रारही केली नाही. आपल्या नावाबद्दल इतका बेफिकीर माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याचं कारण मला पुढे कळलं.

वैशाखात एका सकाळी नाना झोपेतच गेला. वय ऐंशीच्या वर. संशय घेण्यासारखं काही नव्हतं. पण परदेशी नागरिक मेला तर आधी पोलिसांना कळवायचं असतं, आणि पाड्याने नेमकं तेच केलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी माती देऊन टाकली. पोलीस पाटील दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन ठाण्यात आला.

मी त्याच्यावर चढलो. तो खाली मान घालून एवढंच म्हणाला, "साहेब, उन्हाळाना दिन. मयत कितला येळ ठेवाना?"

प्रश्न बरोबर होता, म्हणून मी आणखी थोडा ओरडलो. माझा स्वभाव तापट होता आणि त्याचं मला तेव्हा कौतुकही होतं. मग पोलीस नाईक बाईंना पाठवून नानाच्या घराचा पंचनामा करून घेतला, घराला सील लावलं आणि वरिष्ठांमार्फत वकिलातीला कळवलं.

महिन्याभराने नानाची मुलगी आली. मलाच माहीत नव्हतं की नानाला मुलगी आहे. साठीच्या आतबाहेरची उंच बाई, पायात कॅनव्हासचे बूट, चेहरा उन्हाने लालबुंद. माझं इंग्रजी कामचलाऊ, तिचंही फार सफाईचं नव्हतं, त्यामुळे आमचं बरं जमलं. तिने पर्समधून एक पत्र काढलं. नानाने मरण्याआधी दोन महिने लिहिलेलं. ती वाचून अर्थ सांगत गेली: तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. वही लोखंडी पेटीत आहे. मी नसलो तर आबाकडे माग.

आम्ही सील काढून घर उघडलं. पेटी नव्हती.

मी तिला विचारलं, "वहीत असं काय आहे?"

तिने जे सांगितलं ते समजायला मला दोन कप चहा लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने नॉर्वे ताब्यात घेतलं. तिथले पुष्कळ लोक त्या सत्तेच्या विरोधात होते. पण काही तरुण आपणहून जर्मनांच्या तुकड्यांत भरती झाले आणि रशियाच्या आघाडीवर लढायला गेले. काहींनी आपल्याच देशात उभारलेल्या छावण्यांवर पहारे दिले. तिथे युगोस्लाव्हियातून आणलेले कैदी रस्ते खोदत, उपाशीपोटी. युद्ध संपलं, जर्मन हरले आणि हे भरती झालेले तरुण आपल्याच गावात उघडे पडले. देशद्रोहाचे खटले झाले. नाना त्यांच्यापैकी एक. तीन वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला, लग्न केलं, मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना देश सोडून गेला.

"आई सांगायची, तो फक्त ट्रक चालवायचा," ती म्हणाली. "आमच्या शेजारची बाई वेगळं सांगायची. छावणीच्या रस्त्याकडेला तिने एका कैद्यासाठी पाव ठेवला होता. तो उचलायला कैदी रांगेबाहेर आला आणि माझ्या वडिलांनी त्याला गोळी घातली, असं ती मला दुकानात, सगळ्यांसमोर म्हणाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पन्नास वर्षं मी याच दोन गोष्टींच्या मध्ये उभी आहे. मला त्यातली खरी कोणती ते हवंय."

मी भडगावच्या बौद्ध वस्तीत वाढलो. बापाच्या नावावरून पोराचा निकाल लावणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. म्हणून असेल, पण ही बाई माझ्या मनाला लागली. राहत्या घरातून चोरी, म्हणून कलम तीनशे ऐंशीखाली गुन्हा नोंदवून घेतला. अशा किरकोळ चोरीचा तपास मी एरवी हवालदाराकडे देत असे. हा माझ्याकडेच ठेवला.

पहिला जबाब अर्थातच आबाचा. आबा म्हणजे पाड्यावरचा पावरा समाजातला म्हातारा, नानाचा चाळीस वर्षांचा सोबती. दोघांनी मिळून किती विहिरी खोदल्या आणि किती इंजिनं बसवली, याचा हिशेब कुणाकडेच नव्हता. आबाला लिहिता वाचता येत नसे. मी त्याला ठाण्यात बोलावलं, समोर उभं केलं आणि साहेबी मराठीत प्रश्न विचारले.

"पेटी कुठे आहे?"

"माले काय ठाऊक साहेब."

"पत्रात तुझं नाव आहे."

"व्हई."

"शेवटचं घरात कोण होतं?"

"बठ्ठा गाव व्हता." म्हणजे सगळं गाव.

तासभर हेच चाललं. मी टेबलावर हात आपटला, आत टाकायची धमकी दिली. आबाने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. एक गोष्ट मात्र त्याने आपणहून सांगितली. अंघोळ घालताना नानाच्या डाव्या बगलेजवळ गोंदण दिसलं, एकच अक्षर. आमच्या बायकांच्या हातावर असतं तसं नव्हे. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. जर्मनांच्या त्या तुकड्यांत भरती झालेल्यांच्या दंडाखाली रक्तगटाचं अक्षर गोंदत, ती म्हणाली. वडील उन्हाळ्यातही कधी सदरा काढत नसत, असं आई सांगायची.

तेवढ्यात खबर आली. माझ्या एका खबऱ्याने फोन केला, की फैजपूरला एका भंगारवाल्याकडे जर्मन अक्षरं कोरलेले पाने आहेत आणि ते नानाचे आहेत. मी हुरळलो. चोराने पेटी फोडून माल विकला, असं सगळं चित्र डोक्यात तयार झालं. जीप नीट चालली, हाही शुभशकुन वाटला. भंगारवाल्याला मी दुकानाबाहेर काढून असा काही झाडला की आजूबाजूचे लोक जमले. बिचाऱ्याने आतून नानाच्या हातची चिठ्ठी आणली. दोन वर्षांपूर्वी नानाने बेअरिंगच्या बदल्यात ते पाने त्याला दिले होते. मी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. "पुढच्या वेळी नीट वाग," असं त्यालाच सांगून आलो. आठवलं की आजही लाज वाटते.

ठाण्यात परत येऊन चिडून बसलो होतो. नाईक बाई चहा घेऊन आल्या. त्या स्वतः पायथ्याच्याच, पावरा घरातल्या. त्यांनी पंचनाम्याची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? पंचनामा लिहिताना मला तहान लागली होती. नानांच्या घरात पाणी प्यायला ग्लास नव्हता. शेजारी जाऊन प्यायले."

"मग?"

"ग्लास नव्हता, ताट नव्हतं, घोंगडी नव्हती, चपला नव्हत्या. भिंतीवरचं घड्याळ आहे. पाहुण्यांच्या खुर्च्या आहेत. नव्या पाइपचं बंडल आहे. चोर नवं बंडल सोडून फाटक्या चपला नेईल का?"

मी यादी पुन्हा वाचली. बाईंनी महिन्याभरापूर्वी स्वच्छ अक्षरात सगळं लिहून ठेवलं होतं आणि मी फक्त सही केली होती.

"आमच्यात माणूस जातो तेव्हा त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्याबरोबर देतात," बाई म्हणाल्या. "पुढे लागतात म्हणून."

हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मी तिथे तीन वर्षं काढली होती. गुन्हेगारांची कुंडली पाठ होती, पण माणूस मेल्यावर तिथे काय करतात हे कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आबाला बोलावणं धाडलं नाही. मी आणि नाईक बाई पाड्यावर गेलो. आबा बांबूच्या कामट्या काढत बसला होता. मी टोपी काढून त्याच्या समोर जमिनीवर बसलो आणि घरी आईशी बोलायचो त्या बोलीत विचारलं, "आबा, नानानं ताट कोठे शे?"

त्याने मान वर केली. साहेब अहिराणी बोलतो हे त्याला नवीन होतं.

"नानाजोडेच शे," तो म्हणाला.

"आनि चपला?"

"त्या बी."

"आनि पेटी?"

त्याने हातातली कामटी खाली ठेवली. "बठ्ठं त्यानंच व्हतं साहेब. बठ्ठं त्यानासंगे दिधं. चोरी कसानी?"

चोरी नव्हतीच. पेटी कबरीत होती. मग हे आधी का नाही सांगितलं, तर पोलिसांना न कळवता माती दिली म्हणून गाव आधीच घाबरलेलं, आणि त्यात साहेब टेबलावर हात आपटणारा. मला हे पटलं. इतकं पटलं की पुढचा प्रश्न विचारायचं सुचलंच नाही.

कबर उघडणं ही साधी गोष्ट नाही. तालुका दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांचा हुकूम घेतला, मुलीची लेखी संमती घेतली, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पाड्याला विचारलं. तिथले जुने लोक संध्याकाळभर बोलले. शेवटी पोलीस पाटलाने येऊन सांगितलं, की पोर बापाकडून काही घ्यायला आली आहे तर ना कशी म्हणणार, पण मयताला धक्का लागता कामा नये. सकाळच्या उन्हात, पंचांसमोर, पायाकडच्या बाजूने तेवढीच माती काढली. पेटी वर आली. गंजाचा वास होता, बाकी काही नाही. आत एक किल्ल्यांचा जुडगा, मुलीचा लहानपणचा फोटो, आणि वही. वही निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीत दुहेरी गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलेली होती.

मी पंचनाम्यात लिहिलं: एक वही, निळ्या ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळलेली. पेटीच्या मानाने ताडपत्री नवी दिसत होती. मनात कसलीतरी पाल चुकचुकली, पण उन्हात उभं राहून सगळे घामाघूम झाले होते, मी पुढे गेलो.

मुलीला तिथेच वाचायचं होतं. आबाच्या अंगणात बाज टाकली. ती वाचत बसली. आम्ही सगळे जरा दूर, झोपडीच्या सावलीत. आबाच्या बायकोने तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला, तो तसाच राहिला. करायला काही नव्हतं म्हणून मी वर बघितलं. छपरावर मागच्या पावसाळ्यातली निळी ताडपत्री होती, दगडांनी दाबलेली. तिचा एक कोपरा चौकोनी कापलेला होता.

मी आबाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने मुलगी उठून आमच्याकडे आली. रडलेली नव्हती. "शेजारची बाई खरं सांगत होती," ती म्हणाली. "आघाडीवर त्यांनी ट्रक चालवला, तेही खरं. पण त्याआधी सात महिने ते छावणीवर पहारेकरी होते. कैद्याने पाव उचलला. त्यांनी गोळी घातली. त्यांना तसा हुकूम नव्हता. हे त्यांनी दोनदा लिहिलंय, की हुकूम नव्हता." मग ती म्हणाली, "आबांना सांगा. ते चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर होते. त्यांना कळायला हवं."

पोलिसाला वाईट बातमी सांगायची सवय असते. ही बातमी मात्र वेगळी होती. ज्या माणसाच्या कबरीवर हे लोक अमावास्येला दिवा ठेवत होते त्याच्याबद्दल हे सांगायचं होतं. मी म्हणालो, की लढाईत नानाच्या हातून एक कैदी मेला.

ती माझ्याकडे बघत होती. मराठी किंवा अहिराणीचा एक शब्द तिला येत नव्हता. "इन्स्पेक्टर," ती म्हणाली, "तुम्ही फार कमी बोललात. सगळं सांगा."

मग मी सगळं सांगितलं. भुकेलेला माणूस, रस्त्याकडेचा पाव, रांग, गोळी, आणि हुकूम नव्हता हेसुद्धा. आबाची बायको तोंडावर पदर घेऊन आत गेली.

"माले ठाऊक व्हतं," आबा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधीपासून?"

"पहिली हीर खंदी तधळपासून. खाले बठी सांगं त्यानी माले. वर कोनले सांगू नको म्हने." विहिरीच्या तळाशी बसून नानाने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने ते चाळीस वर्षं वर आणलं नव्हतं. मग त्याने मुलीकडे न बघता पुढचं सांगितलं. वही पोरीला दे, असं नाना शेवटच्या आठवड्यात त्याला बजावून गेला होता. आबाने हो म्हटलं होतं. "मंग मी इचार करा. त्यानं गोंदण त्यानासंगे गयं. लिखेल कसाले मांगे ठेवानं? पोर वाची, आनि जनमभर रडी."

म्हणजे पेटी रीतीप्रमाणे गेली हे खरं होतं, आणि रीतीच्या आड आबाने ती मुद्दाम घालवली हेही खरं होतं. मला जे उत्तर पटलं होतं ते अर्धं होतं.

मी छपराकडे बोट दाखवलं. "मंग ती ताडपत्री कसाले गुंडाळी आबा? मातीमा सडू देवानी व्हती."

ज्याने स्वतःच्या छपराला भोक पाडून ती वही बांधली होती, त्याच्या हाताची बोटं सुतळी आवळावी तशी एकमेकांत अडकली होती.

"आनि पोर उनी तर?" तो म्हणाला.

आणि पोर आलीच तर, असं मी तिला भाषांतर करून सांगितलं. मुलगी त्याच्यासमोर खाली बसली. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि मला म्हणाली, "आईने माझ्यापासून लपवलं. यांनीही लपवलं. दोघांनी माझ्या भल्यासाठीच केलं. पण वाचता येईल असं फक्त यांनी लपवलं." आणि मग ती रडली. आबा तिला अहिराणीत समजावत होता आणि तिला ते सगळं समजत असावं असं तिच्याकडे बघून वाटत होतं.

या गुन्ह्यात मी न्यायालयाकडे 'क' समरी पाठवली. प्रकरण खरंही नाही आणि खोटंही नाही, गैरसमजुतीने नोंदलं गेलं, तेव्हा ती पाठवतात. कारण लिहिलं: मयताच्या वापरातील वस्तू रूढीप्रमाणे मयतासोबत पुरण्यात आल्या, चोरीचा उद्देश नाही. यातला एकही शब्द खोटा नाही. पूर्ण सत्य मात्र त्यात मावलं नाही.

सबंध नोकरीत माणसांकडून खरं काढून घेणं हेच माझं काम होतं, आणि खरं लपवणारा माणूस म्हणजे समोरच्या बाजूचा, असं मी धरून चालत आलो होतो. टेबलावर हात आपटून मला आबाकडून काहीच मिळालं नाही, आणि त्याच्या समोर जमिनीवर बसल्यावर जे पहिलं उत्तर मिळालं त्यावर मी लगेच समाधान मानलं. त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. उत्तर पटलं की आणखी एक प्रश्न विचारायचा. नाईक बाई पुढे दुसऱ्या ठाण्यात गेल्या, पण त्यांनी लिहिलेली यादी मी वाचल्याशिवाय कधी सही केली नाही.

पेटी, किल्ल्या आणि बाकीच्या वस्तू मुलीच्या इच्छेने पुन्हा नानाजवळ ठेवल्या. वही तिला ताबा पावतीवर दिली. पावतीत दुसऱ्या क्रमांकावर ताडपत्रीचा तुकडा होता आणि तोही तिला हवा होता. पण तो नानाचा नव्हता, म्हणून मी नियमाप्रमाणे आबाला विचारलं, की मालक कोण लिहू.

"लिखी ल्या साहेब," आबा म्हणाला, "तिनंच शे."

मी मालक म्हणून तिचंच नाव लिहिलं.